तहकूब सभा

परवाची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब.
बांगडा लागला होता, गाव बंदरावर.
आज तीच सभा पुन्हा. तहकुबीला गणपूर्ती लागत नाही,
तर आज सगळे आले,
दारात चपलांचा ढीग, मासळीचा वास.

मी कोपऱ्यात, संगणकासमोर.
आराखड्याच्या पडद्यावर रकाने:
रस्ते. शाळा. उपजीविका.
पुढे एक, दोन, तीन भरायचे
आणि एकच आकडा दोनदा घेत नाही यंत्र.

रुकैयाबी होडेकर बसूनच म्हणाल्या,
लिही, बर्फ.
बर्फ कशात घालू, बी?
फॅक्टरीतून तीस लाद्या निघतात,
खिंडीच्या वळणावर टेम्पो रुततो,
बंदरावर उतरतात एकवीस.
नऊ लाद्या तुमचा रस्ता पितो.
कशात घालायच्या, ते तू बघ. शिकलेली आहेस.

धाकू भुवड पंचनाम्याचा कागद उलगडत होते.
घड्यांवरची अक्षरं झिजलेली.
वादळात चाळीस पोफळी पडल्या,
सात 'अंशतः बाधित'.
अंशतः म्हणजे किती गो?
शेंडा उडालेली पोफळ
उभी असते, एवढंच.
नव्या रोपाला सहा वर्षं,
तोवर नातू सातवीत जाईल.
कुठल्या शाळेत, ते म्हणाले नाहीत.

शाळेचं मी सांगते.
पट नऊ.
दहावा शिवलकरांचा स्वरूप, जूनमध्ये चिपळूणला गेला
आईच्या नव्या नोकरीबरोबर.
पत्र आलंय, समायोजनाचं.
'समा' टाइप केलं की यंत्र आपणहून
'समाधान' सुचवतं.
पुढची शाळा खाडीपलीकडे.
मधे साकव, म्हणजे साकवाचे दोन चिरेबंदी खांब
आणि त्यांवर एकेक बगळा.

निधी किती, सरपंचबाईंनी विचारलं.
पहाटे लिलावात बोली लावून आलेला आवाज.
आठ लाख बारा हजार, मी वाचलं.
पैकी बंधित, पाणी आणि स्वच्छता.
हाताशी तीन लाख चोवीस हजार आठशे.
मग पंखा ऐकू आला.
ठेकेदार खिडकीबाहेर बुलेटवर,
आत बघत नव्हता,
इतका बघत नव्हता की सगळ्यांना दिसत होता.

खिंडीचं वळण एवढ्यात होत नाही,
हे ज्याला त्याला ठाऊक, म्हणून कुणीच बोलेना.
मी याच शाळेत अंक शिकले.
तेव्हा एक, दोन, तीन
नुसते एकामागे एक उभे असायचे.
कुणाला मागे ढकलून नाही.

मग रुकैयाबी पुन्हा,
खाडीपलीकडून सपाट वाट आहे ना?
साकव हातगाडीएवढा रुंद करा.
पोरं जातील, बर्फ येईल.
कुणी हसलं, कुणी हिशेब मांडला,
पावसाआधी होणार नाही, इस्टिमेट, मंजुरी, जिल्हा,
आणि पोरांनी तोवर काय, पोहायचं?

धाकू भुवड उठले.
कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.
माझ्या त्या सात घ्या, म्हणाले.
अंशतः वाल्या.
तोडून आडव्या टाका खांबांवर,
दोन पावसाळे जातात पोफळीवर,
माझ्या बापानं टाकल्या होत्या.

सरपंचबाईंनी सूचक विचारला, अनुमोदक विचारला.
हात वर झाले, बर्फवाल्या टेम्पोच्या ड्रायव्हरचासुद्धा,
ज्याला त्यात तोटाच.

आता मी एकटी, पंखा बंद,
यंत्रासमोर.
'साकव' कुठल्याच यादीत नाही.
'रस्ते' उघडलं, त्यात 'इतर'.
क्रमांक एक दिला. शाळेला दोन.
हे खोटं आहे, पण पुढचं पान त्याशिवाय उघडत नाही.
साहित्य: स्थानिक, पोफळी, नग सात.
किंमत: शून्य.
शून्य घेत नाही.
एक रुपया टाकला, घेतलं.

दारात धाकू भुवड, छत्री विसरले होते.
पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं.
सात रुपये झाले म्हणजे, म्हणाले.
पावती दे.